लहान धावपट्टी, पाहुणी विमानं

नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यापासून आमच्या कामोठ्यात विमानांचा विषय रोज निघतो. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून प्रवासी विमानं ये-जा करू लागली, आणि माझ्याकडे कमर्शिअल पायलटचं लायसन्स आहे हे ज्यांना माहीत आहे ते जिन्यात, भाजीवाल्यापाशी, कुठेही गाठून म्हणतात, "एवढ्या मोठ्या विमानतळावर उतरायचं म्हणजे केवढं टेन्शन येत असेल!" त्यांना मी खरं तेच सांगते. मोठ्या विमानतळावर गर्दी सांभाळायला माणसं बसलेली असतात. टॉवर असतो, रडार असतं, आपला नंबर कितवा हे सांगणारा आवाज सतत कानात असतो. माझा खरा कस लागला तो टॉवर नसलेल्या, जेमतेम चौदा-पंधराशे मीटरच्या एका धावपट्टीवर. तिथे मी दुसऱ्या मैदानावरून पाहुणी म्हणून गेले होते आणि वर आधीच चार विमानं फिरत होती.

चार विमानं म्हणजे गर्दी, हे सांगितलं की समोरचा माणूस हसतो. म्हणून एकदा नीट लिहून काढायचं ठरवलं.

आपल्याकडे कमर्शिअल लायसन्ससाठी २०० तासांचं उड्डाण लागतं, त्यातले १०० तास पायलट इन कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन. त्यातच एक अट अशी की ३०० नॉटिकल मैलांची, म्हणजे साधारण साडेपाचशे किलोमीटरची, एक क्रॉस कंट्री, म्हणजे लांब पल्ल्याची फेरी, करायची आणि वाटेत दोन वेगवेगळ्या विमानतळांवर उतरून पूर्ण थांबायचं. या अटीमुळे प्रत्येक फ्लाइंग स्कूलची मुलं कधी ना कधी दुसऱ्याच्या दारात जातात. दारात जाणाऱ्याला वाटतं, मी एकटाच आहे, एक विमान काय अडचण करणार? पण यजमानांच्या अंगणात त्यांचे स्वतःचे विद्यार्थी असतात, दुसऱ्या गावाहून आलेला आणखी एक जण असतो, आणि अचानक एखादं चार्टर विमानही येऊन ठेपतं.

हे सगळं आता उत्तर महाराष्ट्र, विदर्भाकडे चालतं. धुळे, जळगाव, गोंदिया ही नावं विमान शिकणाऱ्या पोरांच्या तोंडी असतात. एके काळी ते मुंबईतच होत होतं. जुहूचा विमानतळ १९२८ चा, देशातला पहिला नागरी विमानतळ. बॉम्बे फ्लाइंग क्लबही त्याच वर्षी सुरू झाला. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूलाच उतरले. मग चारी बाजूंनी शहर चढत गेलं, आज जुहूला मुख्यतः हेलिकॉप्टरं असतात, आणि त्या क्लबचं प्रशिक्षण धुळ्याला गेलं. सांताक्रूझच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एका वेळी मोकळेपणी वापरता येत नाहीत. तिथे प्रवासी विमानांनाच जागा पुरत नाही, तर शिकाऊ विमानाला कुठून मिळणार? मुंबई-नवी मुंबईच्या पोरांना म्हणून बॅग उचलून खानदेशाची वाट धरावी लागते. मीही तशीच गेले.

आता मूळ गोष्टीकडे येते. पाहुणं म्हणून जायचं तर पहिलं काम फोन. ज्या मैदानावर जायचं तिथे आदल्या दिवशी फोन करून परवानगी घ्यायची. आमच्या इन्स्ट्रक्टरनं नंबर दिला आणि सांगितलं, फोन तूच कर. मी आपली "सर, उद्या सकाळी येऊ का?" एवढंच विचारायच्या तयारीत होते. पलीकडच्या माणसानं मात्र एकामागून एक प्रश्न विचारले. विमान कोणतं? किती वेळ थांबणार? तेल लागेल का? दुपारपर्यंत वारा वाढला आणि परत निघता आलं नाही तर बांधून ठेवायला दोर आणणार का? आणि शेवटी म्हणाला, "मॅडम, आठ ते दहाच्या मध्ये येऊ नका. आमची दोन पोरं उद्या पहिल्यांदा एकटी जाणार आहेत."

हे शेवटचं वाक्य मला त्या आख्ख्या तयारीत सगळ्यात मोलाचं वाटलं. पहिल्या सोलोला गेलेल्या मुलाचं सगळं लक्ष विमान सरळ ठेवण्यात असतं. त्याच्या सर्किटमध्ये, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या फेरीत, अनोळखी आवाज घुसला, की तो गडबडतो. ही माहिती कुठल्या नकाशात नसते, कुठल्या नोटममध्ये, म्हणजे वैमानिकांसाठी निघणाऱ्या सूचनांमध्ये, छापून येत नाही. ती फक्त फोनवर मिळते. मी साडेदहाची वेळ ठरवली.

मग बाकीचं. नोटम बघायचे, हवामान बघायचं, फ्लाइट प्लॅन भरायचा. त्यावर फ्लाइट इन्फर्मेशन सेंटरचा एफआयसी नंबर मिळतो आणि एअर डिफेन्स क्लिअरन्सचा एडीसी नंबर मिळतो. हे दोन्ही हातात आल्याशिवाय चाकं हलवायची नाहीत. यात नवीन काही नाही, प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतं.

पण गर्दी नेमकी सकाळीच का होते, हे इथेच सांगायला हवं. डोळ्यांनी बघून उडायचं, तर दृश्यमानता किमान पाच किलोमीटर लागते. थंडीच्या दिवसांत खानदेशात सकाळी धूसर असतं. सगळी विमानं तपासून, तेल भरून, पोरं हेडसेट गळ्यात घालून बसलेली. साडेतीन किलोमीटर, चार, साडेचार. आणि पाच झाले की एकाच वेळी सगळे निघतात. इकडचे विद्यार्थी निघतात, शेजारच्या जिल्ह्यातले पाहुणेही निघतात. दुपारी ऊन तापलं की हवेला उकळी फुटते, विमान वरखाली आदळतं, वारा धावपट्टीला आडवा होतो. म्हणून नवख्यांना तेव्हा सोडत नाहीत. म्हणजे दिवस बारा तासांचा असला तरी शिकणाऱ्यांच्या कामाचे तास तीन-चारच, आणि ते सगळ्यांना एकाच वेळी हवे असतात. धावपट्टी दुपारी मोकळी पडलेली दिसते म्हणून ती रिकामी असते असं कुणी समजू नये.

त्या क्रॉस कंट्रीच्या आधी मी दिवाळीला घरी आले होते. बाबा पनवेलच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. मुंबईकडून कोकणात जाणाऱ्या, घाटावर जाणाऱ्या, इतर आगारांच्या गाड्या सगळ्या तिथून जातात, त्यामुळे दुसऱ्याच्या गाडीला आपल्या फलाटावर जागा करून देणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. मी त्यांना सर्किट समजावून सांगत होते. धावपट्टीभोवती आयताकृती फेरी, जमिनीपासून हजार फुटांवर. उडालं की डावीकडे वळायचं, मग वाऱ्याच्या दिशेनं धावपट्टीला समांतर जायचं ते डाउनविंड, मग धावपट्टीकडे आडवं वळायचं तो बेस, मग धावपट्टीच्या रेषेत खाली यायचं ते फायनल. त्यांनी एकच विचारलं, "उतरल्यावर गाडी जाते कुठे?"

मी म्हटलं, "मागे वळून धावपट्टीवरूनच परत येते, बाबा. बाजूला दुसरा रस्ताच नाही."

"मग तुमची अडचण आकाशात नाही. ती खाली आहे."

त्यांनी गच्चीवर खडूनं धावपट्टी आखली. पाण्याच्या टाकीशी एप्रन, म्हणजे विमानं लावायची जागा. माझा भाऊ, दुसऱ्या मजल्यावरच्या सावंत काकू, त्यांचा अकरावीतला मुलगा आणि मी, असे आम्ही चौघं विमानं झालो. प्रत्येकानं आपापल्या जागी पोहोचल्यावर मोठ्यानं सांगायचं, "डाउनविंड", "बेस", "फायनल". बाबा मोबाइलवर वेळ लावून मध्ये उभे. टच अँड गो चालू होतं, म्हणजे टेकायचं आणि न थांबता पुन्हा उडायचं, तोवर सगळं सुरळीत. चार जण गोल फिरतायत, कुणी कुणाला अडत नाही. मग बाबा म्हणाले, "आता हिला पूर्ण थांबव." मी टोकापर्यंत चालत गेले, वळले आणि खडूच्या रेघांमधूनच परत यायला लागले. मागून काकू फायनलला. त्यांना थांबता येईना, कारण विमान हवेत थांबत नाही. "ताई, बाजूला हो ना!" भाऊ बेसवरून ओरडला. बाजूला व्हायला जागाच नव्हती.

हा हिशोब साधा आहे, पण तो करून बघितल्याशिवाय कळत नाही. आमच्या सेसना १७२ ला एक फेरी मारायला साधारण सहा मिनिटं लागतात. सर्किटमध्ये चार विमानं असली, तर दर दीड मिनिटानं एक जण फायनलला येतो. पाहुणं विमान उतरतं, वेग कमी करतं, टोकाशी जाऊन वळतं आणि धावपट्टीवरूनच किलोमीटरभर सावकाश मागे येतं. याला बॅकट्रॅक म्हणतात. त्यात तीन मिनिटं सहज जातात. म्हणजे एका पाहुण्याच्या उतरण्यात यजमानांच्या दोन विद्यार्थ्यांना उतरणं सोडून पुन्हा वर जावं लागतं. वर गेलेला प्रत्येक जण पुन्हा रांगेत येतो आणि रांग लांबते. पाहुणे एकाच्या जागी तीन आले, तर यजमानांच्या पोरांची अर्धी सकाळ गो अराउंड करण्यातच जाते. लहान मैदान किती विमानं झेलू शकतं हे धावपट्टीच्या लांबीवर कमी आणि ती किती लवकर मोकळी होते यावर जास्त ठरतं. हे मला पुस्तकात शोधूनही इतकं स्पष्ट सापडलं नव्हतं. बाबांनी ते एका प्रश्नात पकडलं.

मग आईला बोलावलं. आई भरभर चालते. बाबा तिला म्हणाले, "तू मोठं विमान. सरळ ये, कुणाच्या मागे फिरू नकोस." ती जिन्याच्या दारातून थेट फायनलवर आली आणि आम्हा चौघांच्या चालण्यात आणि तिच्या चालण्यात जो फरक होता, त्यानं सगळी फेरी विस्कटली. सेसना फायनलला ६५ नॉटनं येते. दोन इंजिनांचं किंग एअर शंभराच्या वर. कागदावर दोघांत पुरेसं अंतर दिसतं, पण ते अंतर दर सेकंदाला कमी होत असतं. त्या संध्याकाळी आम्ही अंधार पडेपर्यंत चालत होतो.

प्रत्यक्ष दिवस नोव्हेंबर २०२४ मधला. विधानसभेच्या निवडणुकीचा प्रचार रंगात आला होता. २० तारखेला मतदान, त्यामुळे राज्यभर लहान-लहान धावपट्ट्यांवर हेलिकॉप्टरं आणि चार्टर विमानांची धावपळ. मी ठरल्याप्रमाणे निघाले. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ, पुढे तापीचं पात्र, भुसावळ-सुरत रेल्वेमार्ग. या तिघांच्या आधारानं त्या भागात वाट सापडते. दहा मैलांवरून मी पहिला कॉल दिला. जागेचं नाव, मी कोण, कुठून येते, किती उंचीवर, उतरून पूर्ण थांबणार. खालून उत्तर आलं. टॉवर नव्हताच; स्कूलचाच एक इन्स्ट्रक्टर वॉकीटॉकीसारखा हँडसेट घेऊन धावपट्टीच्या कडेला उभा होता. त्यानं वारा सांगितला, धावपट्टीची दिशा सांगितली, "रनवे टू सेव्हन", म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून उतरायचं, आणि सर्किटमध्ये चार जण असल्याचं सांगितलं. तो मला उतरायची परवानगी देऊ शकत नव्हता. तो फक्त माहिती देऊ शकत होता. ठरवायचं मीच.

पाहुण्यानं थेट सर्किटमध्ये शिरायचं नसतं. आधी मैदानाच्या डोक्यावरून, जमिनीपासून दोन हजार फुटांवर जायचं. सर्किट हजार फुटांवर चालतं, त्यामुळे आपण सगळ्यांच्या वर असतो. खाली बघायचं, वाऱ्याची पिशवी बघायची, कोण कुठे आहे ते मोजायचं. मग ज्या बाजूला सर्किट नाही त्या बाजूला जाऊन हजार फुटांपर्यंत खाली यायचं आणि रांगेत मागून लागायचं. मी तशी वर पोहोचले. एक विमान धावपट्टीवर बॅकट्रॅक करत होतं. एक डाउनविंडला. एक उडून नुकतंच वळत होतं. तीन झाली. चौथं दिसेना.

कानात त्याचा आवाज येत होता. एकदा "टर्निंग बेस" म्हणालं, पण नेमक्या त्याच क्षणी दुसऱ्या कुणीतरी बटण दाबलं आणि दोघांचं बोलणं एका किंचाळीत बुडालं. एकच फ्रिक्वेन्सी सगळ्यांना, त्यामुळे दोघं एकदम बोलले की कुणाचंच ऐकू येत नाही. बेस म्हणतोय म्हणून मी नेहमीच्या जागी बघत होते. तिथे कुणी नव्हतं. खाली उतरायची वेळ झाली होती, पण चारही विमानं डोळ्यांना दिसल्याशिवाय खाली जायचं नाही हे मी मनाशी पक्कं केलं होतं. उत्तरेच्या बाजूला उंची न सोडता एक पूर्ण फेरी मारली. वळताना सूर्याची तिरीप कशावर तरी चमकली. ते नेहमीच्या बेसपासून कितीतरी लांब, पूर्वेला होतं. पुढचं विमान बॅकट्रॅक करतंय हे बघून त्या मुलानं किंवा मुलीनं डाउनविंड लांबवलं होतं. अगदी योग्य केलं होतं. फक्त आपण लांब गेलोय हे सांगणारा शब्द त्या किंचाळीत गेला होता.

चार. मग मी खाली उतरले आणि डाउनविंडला लागले.

तेवढ्यात नवा आवाज आला. भारदस्त, सराईत. किंग एअर, पंधरा मैलांवर, सरळ फायनलला येतंय. एका क्षणात फ्रिक्वेन्सी गप्प झाली. शिकणारी पोरं अशा वेळी गप्पच होतात, त्यांना वाटतं आता मोठ्यांचं काम आहे. मी हिशोब केला. त्याला पाच मिनिटं. मला उतरायला दोन-अडीच, आणि बॅकट्रॅकची तीन. जमेल न जमेल अशा बेतात होतं, आणि मधे काही अडलं असतं तर त्याला शेवटच्या क्षणी वर जावं लागलं असतं. नियमानं खाली असलेल्या, फायनलला आलेल्या विमानाला आधी उतरू द्यायचं असतं, पण त्याच नियमात पुढे असंही आहे की या हक्काचा फायदा घेऊन दुसऱ्याच्या पुढे घुसायचं नाही. मी बटण दाबून सांगितलं, मी सर्किट सोडते, पुन्हा दोन हजार फुटांवर डोक्यावर थांबते, किंग एअर उतरल्यावर येईन. ते ऐकल्यावर डाउनविंडवरच्या मुलानंही धीर करून आपली जागा आणि इरादा सांगितला. मग तिसऱ्यानं. एकदा एक जण स्पष्ट बोलला की बाकीच्यांना बोलायची वाट मिळते. खालचा इन्स्ट्रक्टर फक्त "कॉपीड, थँक यू" म्हणाला.

वरून मी ते विमान उतरताना पाहिलं. गच्चीवर आई जशी थेट आली होती तसंच. तेही टोकाला जाऊन वळलं आणि धावपट्टीवरूनच परत आलं. तोवर आम्ही पाच जण घिरट्या घालत होतो. त्यानंतर मी मुद्दाम थोडं अंतर आणि वेळ ठेवून आले. जड विमानाच्या मागे हवेत भोवरे राहतात, हलक्या विमानाला ते उलथवू शकतात. उतरले, वळले, बॅकट्रॅक केला, आणि एप्रनवर आले तर तिथे जागा नव्हती.

म्हणजे जागा होती, पण ती किंग एअरच्या पंखांच्या मागे. ते इंजिन सुरू करेल तेव्हा त्याच्या पंख्यांचा झोत थेट माझ्या सेसनावर येणार. मेकॅनिक दादांनी हातानंच खुणावलं, तिकडे नको, कडेला, गवतालगत. इंजिन बंद केलं, त्यांनी चाकांना लाकडी ठोकळे लावले, मी आतून कंट्रोल लॉक लावला आणि पंखांचे दोर जमिनीतल्या कड्यांना बांधले. "थोडाच वेळ थांबायचंय," मी म्हटलं. ते म्हणाले, "ताई, अकरा वाजता हेलिकॉप्टर यायचंय. बांधलेलं बरं." ते आलं तेव्हा धुळीचा जो लोट उठला, त्यात माझं विमान दोरांवर ताणलं गेलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. न बांधता सोडलं असतं तर ते जागच्या जागी राहिलं नसतं.

तेलाचीही तीच कथा. आमची विमानं एव्हगॅसवर, म्हणजे विमानांसाठीच्या पेट्रोलवर, चालतात. चार्टर विमानांना आणि हेलिकॉप्टरांना लागतं ते वेगळं, जेट ए-वन. एव्हगॅस मोजक्याच ठिकाणी मिळतं. अनेक वर्षं ते देशाबाहेरूनच यायचं. २०२२ मध्ये इंडियन ऑइलनं गुजरातमधल्या रिफायनरीत बनवायला सुरुवात केली. लहान मैदानावर ते पिंपांत साठवलेलं असतं आणि यजमानांनी ते स्वतःच्या पोरांच्या महिन्याभराच्या हिशोबानं आणलेलं असतं. पाहुण्यानं आयत्या वेळी मागितलं तर त्यांच्या कुणाचं तरी उड्डाण कमी होतं. मी परतीला पुरेल एवढं घेऊनच निघाले होते. तरी निघण्याआधी पंखाखालच्या झडपेतून नमुना काढून उजेडात धरला. फिकट निळा रंग, तळाला पाण्याचा थेंब नाही. आणि मग वाट बघत बसले, कारण हेलिकॉप्टर परत जाईपर्यंत कुणालाच सोडणार नव्हते. त्या वेळात मी त्या दोन सोलोवाल्या पोरांना भेटले. त्यांच्यातला एक नाशिकचा. त्याचा सोलो सकाळी झाला होता, कपडे अजून ओले होते. पहिल्या सोलोनंतर डोक्यावर पाणी ओततात. दुसऱ्याचा राहून गेला होता. त्याला वेळच मिळाली नव्हती.

त्या दुसऱ्या मुलाचा चेहरा मला गर्दीचा विषय निघाला की आठवतो. पाहुण्यांवर माझा राग नाही, मी स्वतः पाहुणीच होते. पण लहान मैदानावरची गर्दी कुणाच्या तरी शिकण्यातून वजा होते, आणि ती वजाबाकी कुठे लिहून ठेवली जात नाही. निवडणुकीत, मोठ्या लग्नसराईत हा ताण वाढतो. मुंबईत पार्किंगला जागा मिळाली नाही, की खासगी विमानं माणसं उतरवून दुसऱ्या गावी जाऊन थांबतात. त्या दुसऱ्या गावातही कुणाचं तरी रोजचं काम चालू असतंच.

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात ओशकोश नावाचं गाव आहे. तिथे दर वर्षी जुलैच्या शेवटी विमानवेड्यांचा आठवडाभराचा मेळा भरतो आणि दहा हजारांहून जास्त विमानं त्या परिसरात उतरतात. त्या आठवड्यात तिथला टॉवर जगातला सर्वांत गजबजलेला असतो. मी त्यांची येण्याची पद्धत वाचून काढली आणि बाबांना सांगितली, तर ते खुर्चीत पुढे सरकून बसले. रिपन या गावापाशी सगळ्यांनी एका रांगेत लागायचं, रेल्वेचे रूळ धरून फिस्कपर्यंत जायचं, १,८०० फुटांवर, ९० नॉटनं, एकामागे एक अर्ध्या मैलाच्या अंतरानं. फिस्कला जमिनीवर बसलेले कंट्रोलर दुर्बिणीतून विमानाचा रंग बघून सांगतात, "पांढरं विमान, पंख हलवा." पायलटनं रेडिओवर उत्तर द्यायचं नाही, नुसते पंख हलवायचे. धावपट्टीवर मोठे रंगीत ठिपके काढलेले असतात, आणि एकाला हिरव्या ठिपक्यावर टेकायला सांगितलं तर दुसऱ्याला नारिंगीवर, म्हणजे एकाच धावपट्टीवर एका वेळी एकाहून जास्त विमानं उतरतात. उतरलं की लगेच कडेच्या गवतात वळायचं, धावपट्टी मोकळी करायची.

"गवतात?" बाबा म्हणाले. "म्हणजे त्यांनी बाहेर पडायची वाट आधी केली."

मलाही त्या सगळ्यात हेच महत्त्वाचं वाटतं. आपल्या लहान धावपट्ट्यांना ओशकोशसारखे ठिपके नकोत. त्यांना मधोमध बाहेर पडायला एक वाट हवी. ती नसेल तर दोन्ही टोकांना वळायला पुरेशी रुंद जागा, आणि पाहुण्यांसाठी एप्रनचा वेगळा कोपरा, जमिनीत पक्की कडी बसवलेला. रेडिओवर माहिती द्यायला एक शिकलेला माणूस, ज्याला दुसरं काही काम नसेल. ब्रिटनमध्ये कितीतरी लहान मैदानांवर टॉवर नसला तरी असा माणूस असतो आणि येण्याआधी परवानगी घेण्याची शिस्तही कडक असते. आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यात धावपट्टी लांब करायची मागणी होते, तेव्हा कुणीतरी हेही मागावं असं मला मनापासून वाटतं. धावपट्टी लांब झाली आणि बाहेर पडायची वाट नाही झाली, तर बॅकट्रॅक आणखी लांबतो.

आता रविवारी घरी असले की आमच्या गच्चीवर दोन-तीन जण येतात. एक कळंबोलीची, एक ऐरोलीचा, कुणी लायसन्सच्या वाटेवर, कुणी आत्ताच मेडिकल करून आलेले. बाबा खडू घेऊन तयार असतात. नवीन आलेल्याला ते आधी सर्किट शिकवत नाहीत. विचारतात, "बाळा, फोन कुणाला करणार?" फोनवर काय विचारायचं याची यादी त्यांनी माझ्याकडून ऐकून स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवली आहे: तुमचे सोलो कधी, कुणी मोठं येणार आहे का, गाडी कुठे लावू, तेल नको आहे, दोर आणतोय.

त्या दिवशी हेलिकॉप्टर गेल्यावर मला निघायला मिळालं. वारा आडवा व्हायला लागला होता, पण माझ्या मर्यादेत होता. परत पोहोचल्यावर एफआयसीला उतरल्याची वेळ कळवली. हे विसरून चालत नाही. ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासात विमान पोहोचल्याचं कळलं नाही, की शोधाच्या पहिल्या पायरीची घंटा वाजते. मग ज्यांच्याकडे गेले होते त्यांनाही फोन केला, पोहोचले म्हणून. तोच आवाज होता.

"मॅडम, तुमच्याकडची दोन विमानं परवा यायची आहेत ना?"

"हो सर."

"एक साडेदहाला पाठवा, दुसरं अकराला. एकदम नको. आणि त्या पोराचा सोलो उद्या सकाळी लावलाय, तेव्हा उद्या कुणालाच पाठवू नका."

मी तसं आमच्या इन्स्ट्रक्टरला सांगितलं आणि फळ्यावर लिहून ठेवलं.